आमच्या दुकानाला सुतक न्हाई

त्या दिवशी सकाळी आम्ही नवरा-बायकोनं गुळाची ढेप फोडली. ती पोतं धरून बसली, मी हातोडा मारला. एक खडा उडून तिच्या पदरात पडला. तो तिनं तोंडात टाकला अन् म्हणाली, "नीट मारा की, अर्धा गूळ रस्त्यावर चाललाय." एवढंच. जेवून जरा पडते म्हणून आत गेली. चहाला हाक मारली तर उठलीच न्हाई.

रडगाणं लिहायला बसलो न्हाई मी. शाळा चौथीपर्यंत, अक्षर वाकडं येतं. दुकानाचं सांगायचंय.

जळकोटात आमचं किराणा दुकान म्हणजे एक शटर अन् पुढं एक बाकडं. सकाळी त्यावर आम्ही म्हातारे. उन्हं कलली की बायांचा हक्क. हा कायदा तिनं लावलेला. आतून ओरडायची, "उठा आता, घरी जाऊन सुनांच्या डोक्यावर बसा." म्हातारे हसत उठायचे. मग गल्लीतल्या बाया यायच्या. निमित्त पावशेर साखरेचं, पण तोंडात दिवसभराचं साठलेलं. घरात सासूसमोर ज्यांचा आवाज निघत न्हाई, त्या तिथं खदाखदा हसायच्या. कुणाला मार बसला ते तिथंच कळायचं. एकीच्या दारुड्या नवऱ्याला हिनं किलोचं वजन हातात घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत पळवलं होतं. लातूरच्या मोठ्या दुकानात गाडी ढकलत फिरा की दिवसभर. 'काल का आली न्हाईस गं' म्हणून विचारतं का कुणी?

लेक रातोरात पुण्याहून आला. सकाळी माती दिली. घरी येऊन टेकलो न्हाई तोवर त्यानं विषय काढला.

"अप्पा, दुकान बंद करा आता. मोबाइलवाला जागा मागायलाय. तुम्ही पुण्याला चला."

"तिथं काय करू?"

"आराम करा."

"आराम तुझी आई करायलीय. मला इतक्यात न्हाई करायचा."

माझा थोरला भाऊ मध्ये पडला. "बरं, सुतक फिटेपर्यंत तरी शटर खाली ठेव. लोक काय म्हणतील?"

"कसलं सुतक? आपण लिंगायत. गळ्यात लिंग हाय त्याला सुतक न्हाई, इटाळ न्हाई, हे आपल्याच बापानं शिकवलं. शेजाऱ्याचं बघून तू कधीपासून पाळाया लागला?"

लेक मात्र हटला न्हाई. "पण चालवायचं कुणासाठी, अप्पा? आई तर गेली."

"दुकान काय तिचं एकटीचं होतं? शटर पडलं तर त्या बायांनी बसावं कुठं? तुझ्या मोबाइलवाल्याच्या मांडीवर?"

भावजय पदरात तोंड घालून हसली. मग तशीच रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच अंघोळ केली, लिंगपूजा केली, कपाळाला भस्म लावलं अन् शटर वर केलं. मुद्दाम जोरात केलं. गल्लीला कळू दे. लेक दारात येऊन उभा राहिला. दुकानापुढं पाणी शिंपडत होतो तर समोरच्या घरातली आली, हिची रोजची सोबतीण. घ्यायचं काही नव्हतं तिला. उंबऱ्यावरच हुंदके द्यायला लागली.

म्हणालो, "वाटेत उभी राहून रडू नको बाई. आत ये, बस, अन् मग किती रडायचं ते रड. गिऱ्हाइकाला वाट दे."

ती आत येऊन बसली. मी तराजू पुसायला घेतला.