पार्किंगमधली टिचकी

आमच्या खडकीच्या सोसायटीतले एक निवृत्त फिटर पार्किंगमध्ये स्वतःची मोटार बांधत होते. सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा धरायचे, रिव्हेट मारायचे आणि त्यावर टिचकी मारून कान द्यायचे. आवाज पटला तर म्हणायचे, "बसला." नाहीतर, "हा पाहुणा, टिकायचा नाही," म्हणत ड्रिलनं काढून टाकायचे.

त्या आवाजाला वैतागून मी, सेक्रेटरी या नात्यानं, नोटीस लावली: 'रविवारपर्यंत पार्कींग रिकामे करावे.' त्यांनी लाल पेननं फक्त माझं 'पार्किंग' दुरुस्त केलं.

रविवारी ती चकचकीत मोटार स्वतःच्या इंजिनावर बाहेर आली. सगळी सोसायटी गॅलरीत उभी. माझ्यापाशी ब्रेक लावून ते म्हणाले, "अहो सेक्रेटरी, पार्किंग रिकामं झालं. या."

मी शेजारच्या सीटवर टेकलो. त्यांनी माझ्या खांद्यावर टिचकी मारली, कान दिला.

"बसला."