काटा शून्यावर

आधी चहा घ्या, गरम आहे तोवर. कारण माझी जी फजिती झाली ना, ती गरम चहानंच उघडी पाडली.

सणसवाडीच्या कंपनीत मी वीस वर्षं मेंटेनन्सला आहे. त्यामुळे तळेगावात हौशी मंडळींनी छोटं रेडिओ केंद्र काढलं, तेव्हा ट्रान्समीटर सांभाळायला माझ्याशिवाय कोण मिळणार? असं मीच त्यांना सांगितलं.

पहिल्याच आठवड्यात मी अँटेनाला डिश टीव्हीची उरलेली केबल जोडली. वायर ती वायर, म्हटलं. पण ट्रान्समीटर पन्नास ओहमचा आणि ही केबल पंचाहत्तरची. मोठ्या पाटाचं पाणी बारक्या नळीत घातलं की काय होतं? तुंबून मागं फिरतं. तसा सिग्नल माघारी यायला लागला. माघारी आलेलं मोजणाऱ्या मीटरचा काटा ते इमानदारीनं दाखवत होता आणि मी तीन दिवस त्या काट्यालाच शिव्या घालत होतो.

शेवटी झक मारत योग्य केबल आणली. ट्रान्समीटर तरी धड आहे का, हे बघायला त्याला आधी डमी लोड लावला. डमी लोड म्हणजे एक पत्र्याचा डबा. तो सिग्नल गिळतो, गरम होतो आणि बाहेर जवळजवळ काही सोडत नाही. मग गच्चीवर चढलो, नवी केबल अँटेनाला जोडली, खाली येऊन मीटर बघितला. काटा शून्यावर. माघारी काहीच नाही. असलं मॅचिंग पुण्यातसुद्धा कुणी केलं नसेल, हे मी चौघांना फोन करून कळवलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या सुनंदाचं रेडिओवर पहिलं भाषण. ती अंगणवाडी सेविका. बाळाच्या आहारावर अर्धा तास, थेट. महिनाभर आरशासमोर पाठ केलेलं. पाच किलोमीटरवर तिचं माहेर. तिला शिकवलं म्हणून आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, भावकीची बोलणी खाल्ली होती. ते सकाळपासून रेडिओ घेऊन ओट्यावर बसले होते.

ती बोलायला लागली आणि मेव्हण्याचा फोन आला.

"दाजी, नुसती खरखर येतीया."

"रेडिओ जुनाट हाय तुमचा."

"मोबाईलवर बी न्हाई."

"हेडफोन लावून गच्चीवर जा." माझ्या शेजारच्या रेडिओवर तर सुनंदा खणखणीत येत होती. म्हणजे चूक कुणाची? त्यांचीच.

पाच मिनिटांनी परत फोन. "गच्चीवर बी न्हाई."

"मग टाकीवर चढा. आमचं मॅचिंग शंभर टक्के हाय."

"आप्पा चढल्यात की टाकीवर. रेडिओ डोक्यावर धरलाय."

"मग तुमची वस्तीच चुकीच्या जागी हाय," म्हणून मी फोन आपटला.

अर्धा तास संपला. सुनंदा घाम पुसत बाहेर आली. मी विसरलेला चहाचा ग्लास उचलला आणि बोटं भाजली. अर्ध्या तासापूर्वीचा चहा असा वाफाळता कसा?

ग्लास डब्यावर ठेवला होता. डबा डमी लोडचा. ट्रान्समीटर अजून त्यालाच जोडलेला आणि अँटेनाची नवी केबल खाली मोकळी लोंबत होती. शेजारच्या रेडिओला डब्यातून झिरपलेलं पुरत होतं, एवढंच.

"काय झालं हो?"

मी चाचरत म्हणालो, "मॅचिंग बरोबर व्हतं. समदं आत गेलं, माघारी कायबी आलं न्हाई. फकस्त बाहेर कुणाला पोचलं न्हाई."

ती डब्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे.

"म्हंजी समदं आत घ्यायचं, हो हो करायचं, आन् पुढं काहीच जायचं न्हाई? अहो, असला डबा चोवीस वर्षं माझ्या घरात हाय."

संध्याकाळी तिनं माहेरच्या ओट्यावर बसून अख्खं भाषण आप्पांना ऐकवलं. मला मुद्दाम पुढं बसवलं होतं. आप्पांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे वळले.

"जावईबापू, नीट ऐकू आलं न्हवं?"

"व्हय आप्पा, एकदम स्पष्ट."

"मग सहा महिन्यांच्या बाळाला आधी काय द्यायचं म्हनली ती?"

आता तुमच्यापासून काय लपवायचं? काटा शून्यावर होता.