दादांची क्योतोतली गल्ली

जगात राहण्यालायक शहर एकच आणि त्या शहरात राहण्यालायक गल्लीही एकच, असं ठामपणे मानणारा माणूस मला आयुष्यात एकदाच भेटला, आणि तो शारजात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहत होता. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. दादा लिफ्टच्या कंपनीत इंजिनिअर. नव्वदच्या सुमारास कंपनीनं त्यांना सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला जपानमध्ये क्योतोला धाडलं होतं. तिथल्या जुन्या वस्तीत एका आजीबाईंच्या लाकडी घरात ते भाड्यानं राहिले, आणि मनानं तिथून परत आलेच नाहीत. दिवसभर दुबईच्या टॉवरांमध्ये लोकांना विसाव्या मजल्यावर पोचवायचं आणि संध्याकाळी आमच्याकडे चहाला बसून दुमजली घरांसाठी उसासे टाकायचे, हा त्यांचा दिनक्रम.

त्या गल्लीचं वर्णन आम्हाला पाठ होतं. तोंडाशी टोफूवाल्याचं दुकान, पहाटेपासून उकडलेल्या सोयाबीनचा वास. पुढे दगडी दिवा. तिथून डावीकडे वळलं की दोन्ही बाजूंना काळपट लाकडी जाळ्यांच्या खिडक्या, आणि तिसरं दार आजीबाईंचं. घर समोरून जेमतेम दोन खाटांएवढं रुंद, पण आत लांबच लांब. "तिथं असल्या घराला वामीचं, म्हणजे त्या सापासारख्या लांबलचक माशाचं अंथरूण म्हणतात," दादा सांगत, आणि मूळचे मालवणचे असल्यामुळे वामीचं नाव काढताच त्यांना भूकही लागे. त्यांची मुलगी मान वर न करता म्हणे, "बाबा, नॉट अगेन!" वहिनी मात्र गवार मोडता मोडता सगळं ऐकून घेत.

आजीबाईंकडून दादा एक शिस्त शिकून आले होते. रोज सकाळी आपल्या दारापुढचं झाडायचं, आणि शेजाऱ्याच्या हद्दीतलं फक्त फूटभर. त्याहून कमी झाडणं म्हणजे माणूसघाणेपणा, आणि जास्त झाडणं म्हणजे शेजाऱ्याला घाणेरडा म्हणणं. हे त्यांनी आमच्या कॉरिडॉरमध्ये सुरू केलं, तेव्हा माझी बायको भडकली. "आपल्या दारात कचरा दिसला का त्यांना?" मग केरसुणी हातात घेऊनच दादांनी तिला अर्धा तास हद्दीचं शास्त्र समजावलं. पुढे उन्हाळ्यात ते बिल्डिंगबाहेर फुटपाथवर पाणीही शिंपडू लागले, कारण क्योतोत संध्याकाळी दारापुढे शिंपडतात. पठाण वॉचमन हात जोडून म्हणाला, "साब, खलास करो, म्युनिसिपालिटी फाइन मारेगा." त्याचं बोलून होईपर्यंत पाणी वाळलंही होतं.

या सगळ्या वेडामागे खरी इच्छा एवढीच होती, की वहिनींना ती गल्ली दाखवायची. पण सुट्टी आली की कधी बहिणीचं लग्न निघे, कधी वडिलांचं ऑपरेशन, आणि विमान दरवेळी मुंबईलाच उतरे. "नेक्स्ट इयर, इन्शाल्ला," दादा म्हणायचे. अशी दहाएक वर्षं गेली. मग जपानहून ट्रेनिंग करून आलेल्या एका सहकाऱ्यानं सांगितलं, की तिथली जुनी लाकडी घरं भराभर पाडताहेत. त्या संध्याकाळी दादा चहा अर्धा टाकून उठले, आणि त्या सुट्टीत त्यांनी क्योतोचीच तिकिटं काढली.

ते परत आल्यावर आम्ही सगळे सरसावून बसलो, तर दादांऐवजी बोलल्या त्या वहिनी.

"अहो भावजी, हे तर तिथं पोचताच हरवले! यांना सगळ्या गल्ल्या सेमच दिसायला लागल्या. घामाघूम झाले. शेवटी मीच म्हटलं, यल्ला, चला माझ्या मागून. टोफूचा वास आला, दगडी दिवा दिसला, डावीकडे वळले..." वहिनी थांबल्या. "तर तिथं पार्किंग लॉट. चार गाड्या उभ्या होत्या. घर नव्हतंच."

दादा खिडकीबाहेर बघत होते. तेव्हा वहिनींनी त्यांच्यापुढे चहाचा कप सरकवला आणि हळू आवाजात सांगायला लागल्या. आत शिरलं की आधी मातीची जमीन. मग उंच उंबरा. उजवीकडे आजीबाईंची चूल. पुढे इवलासा चौक, त्यात एकच मेपलचं झाड. ज्या घरात त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं, त्या घरातून त्या दादांना हाताला धरून नेत होत्या, आणि दादांनी डोळे मिटून घेतले होते.

आम्ही अमिरात सोडली त्याला आता बरीच वर्षं झाली. मी क्योतो पाहिलं नाही, आता पाहणारही नाही. पण त्या घराची मला अजून आठवण येते.