चार खळगे
शेजारी फ्लोअरिंगचं काम चाललंय, आणि त्या गमचा वास घरात आला की मला केबिन रोडवरचं ते दुकान आठवतं. बाबांचा डावा पाय अर्धांगवायूने लुळा पडला होता. तो फरफटत ते घरात चालायचे, पण गुळगुळीत टाइल्सवरून घसरून पडले आणि तेव्हापासून कॉटवरच होते. म्हणून आईला लाकडासारख्या दिसणाऱ्या त्या व्हिनाइलच्या पट्ट्या घालून घ्यायच्या होत्या. दुकानदाराने रंग दाखवायला काही पट्ट्या जमिनीवर मांडल्या, पण आईने रंगांकडे बघितलंच नाही. देवळात शिरताना काढतात तशा तिने चपला दाराशी काढल्या, एक हात भिंतीला टेकला आणि बाबांसारखा डावा पाय ओढत एकेका पट्टीवरून चालून पाहिलं. दुकानदाराने घाईने स्टूल पुढे केलं. “बैठो मांजी, पैर में तकलीफ है?” “मेरेको नहीं, इनको,” आई म्हणाली, बाबा शेजारी उभे असल्यासारखी. शेवटी तिने सगळ्यांत खरखरीत पट्टी निवडली. परतताना शेअर रिक्षात मी हळूच म्हटलं, “आई, डॉक्टर म्हणाले, बाबा आता उठणार नाहीत.” ती बाहेर बघतच म्हणाली, “मलाही सांगितलंय त्यांनी. पण उठलेच, तर घसरायला नकोत.” पट्ट्या घरभर बसल्या, पण बाबा त्यांच्यावर एकदाही उभे राहिले नाहीत. ते गेल्यावर कॉटही देऊन टाकली. कॉटच्या पायांचे चार खळगे तेवढे त्या पट्ट्यांवर राहिलेत. आई सगळं घर मॉपने पुसते, आणि ते चार खळगे मात्र खाली बसून, हाताने.