डाव्या सीटवरचे मास्तर

पत्र्यावर एक थाप म्हणजे थांब. दोन थापा म्हणजे चल. डावा हात खिडकीबाहेर सोडून जीपच्या दाराचा पत्रा बडवत मास्तर आम्हाला गाडी शिकवत. तोंडानं फार बोलत नसत. बोललेच तर एवढंच, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बास."

नव्वदच्या दशकातलं कोल्हापूर. मला पशुखाद्याच्या एका कंपनीत फिरतीची नोकरी लागली होती. वारणानगरपासून राधानगरीपर्यंत दूध संस्था पालथ्या घालायच्या, त्यासाठी कंपनी जीप देणार; अट एकच, दोन महिन्यांत पक्कं लायसन. मला तोवर सायकलसुद्धा एक हात सोडून चालवता येत नव्हती. राजारामपुरीतल्या एका गल्लीत ड्रायव्हिंग स्कूलची पाटी दिसली, आत गेलो. भिंतीवर फोटोसकट एक लायसन चौकटीत लावलेलं. खाली मास्तर बसलेले. पन्नाशीचे, दणकट, खांद्यावर टॉवेल. फोटोतला माणूस वेगळाच दिसत होता. पण लायसनवरच्या फोटोत कोण स्वतःसारखं दिसतं? तेव्हा मला काही वाटलं नाही. तुम्हालाही वाटलं नसतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला उजवीकडं बसवलं आणि सांगितलं, "पावणं, गाडीला भ्यायचं न्हाय. गाडी म्हणजे म्हस. आपण भ्यालो की तिला कळतंय." डावीकडं त्यांच्या पायाशी दुसरा ब्रेक आणि दुसरा क्लच होता. त्या जोरावर त्यांनी मला अर्ध्या तासात थेट पुणे-बेंगलोर हायवेवर काढलं. समोरून ट्रक अंगावर येत होते, मी देवाचं नाव घेत होतो, आणि मास्तर डावीकडं बघत निवांत सांगत होते, "सायकलवाला हाय. म्हातारी हाय. गटार हाय. येऊ दे."

उजवीकडं काय आहे, हे ते कधीच सांगत नसत. ते मीच बघायचं.

त्यांच्या स्कूलची एक पद्धत होती. गाडी तुमच्या दारात यायची. पण ती आणायचा तुमच्या आधीचा विद्यार्थी. साडेपाचचा विद्यार्थी गाडी साडेसहाच्या दारात आणून सोडी आणि घरी चालत जाई. साडेसहाचा ती साडेसातच्या दारात नेई. शेवटचा नंबर एका शाळामास्तरीणबाईंचा. त्या गाडी स्कूलच्या दारात लावून रिक्षानं घरी जात. "चालवायचा सराव हुतोय, चालायचा बी हुतोय," असं मास्तर म्हणत. एकदा बाई तापानं आजारी पडल्या. गाडी दोन दिवस त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्याच्या अंगणात पडून राहिली. मी विचारलं तर म्हणाले, "इंजिनाला इसावा नगं व्हय?" मी मान हलवली. वाचकहो, एवढं ढळढळीत समोर दिसत असताना मी मान हलवली.

गाडी थांबवायची त्यांची तऱ्हाही ठरलेली. चढ असो, उतार असो, थांबली की ते उडी मारून उतरत आणि चाकाखाली दगड लावत. दोन दगड सीटखालीच असायचे, गुळगुळीत झालेले. आम्हीही तेच शिकलो. ड्रायव्हरनं थांबायचं, मग दगड लावायचा. जगभर असंच करत असतील असा माझा समज होता.

माझी परीक्षा मैदानातच झाली. आठाचा आकडा काढला, गाडी मागं घेतली, पास. मास्तरांनी पत्र्यावर इतक्या जोरात थाप मारली की बाजूच्या स्कूटरवरची पोरगी पाय टेकून थांबली. आरटीओचे साहेब म्हणाले, "मास्तर, गाडी जरा पलीकडं घ्या, दुसरी आत येऊ दे." मास्तरांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "घ्या की पावणं. आता तुमचं लायसन पक्कं झालं. पहिली गाडी तुमच्याच हातनं हलू दे." मला भरून आलं. मी तो मान समजलो.

दोन महिन्यांनी एका सकाळी ते माझ्या घरी आले. बायकोनं चहा दिला. बशीत ओतून प्यायले, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "पावणं, मला गाडी शिकवा."

मी हसलो. बायकोही हसली. मास्तर हसले नाहीत.

"मेव्हण्याचं लायसन हाय ते भिंतीवर. त्यो आता सांगलीला ट्रॅव्हल्समधी चाललाय. लायसन घिऊनच चाललाय. माझं झालं तर स्कूल ऱ्हाणार, न्हायतर बंद."

"म्हणजे तुमचं लायसन नाही?"

"लायसनचं सोडा. मी गाडीच चालवल्याली न्हाय."

"कधीच?"

"चावी कुटं लावायची ते ठावं हाय की."

त्या डाव्या सीटवर विश्वास टाकून मी हायवेवर गेलो होतो. माझ्यासारखे पाचपन्नास जण गेले होते. त्यातले दोघे आता एसटी चालवत होते.

मग सगळं उलगडलं. मास्तर पंचवीस वर्षं ट्रकवर क्लीनर होते. डावीकडं बसायचं, साइड सांगायची, पत्रा बडवायचा, दगड लावायचा. ज्या ड्रायव्हरच्या हाताखाली होते त्यानं एकदाही स्टिअरिंग दिलं नाही. "आदी लहान हाय म्हणायचा. मग म्हणायला लागला, आता कशाला?" ट्रक विकला गेला तेव्हा मेव्हण्यानं स्कूल काढून दिलं, आणि पहिल्याच दिवशी कुणीतरी त्यांना 'मास्तर' म्हटलं. तिथं खरी अडचण झाली. मास्तर झालेल्या माणसानं शिकायला जायचं कुणाकडं?

तर माझ्याकडं. मी दोन महिने लायसन असलेला माणूस.

उचगावच्या पुढं, दर रविवारी स्कूलला सुट्टी असताना, सकाळी सहाला. ते उजवीकडं, मी डावीकडं. तोंडी परीक्षा असती तर त्यांना सबंध जिल्ह्यात पहिला नंबर मिळाला असता. स्वतःलाच सांगायचे, "पावणं, क्लच अर्धा सोडा. आता रेस द्या. घाई नगं." आणि पाय भलतंच करायचे. गाडी उडी मारून बंद पडायची. मग ते स्वतःवरच ओरडायचे, "सांगतोय ते ऐकाय येत न्हाय व्हय?"

हायवेवर काढलं त्या दिवशी समोरून उसाचा ट्रक आला. तो आमच्या उजव्या अंगाला घासून गेल्यासारखा गेला आणि मास्तरांनी डोळे मिटले. चालत्या गाडीत. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला.

"असं येत्यात व्हय समोरनं?" ते कुजबुजले.

"कायम असेच येतात, मास्तर."

"डाव्या अंगाला ह्ये कदी कळलंच न्हाय. तिकडं ड्रायव्हर आडवा असतोय." त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं. मग म्हणाले, "आणि तुमास्नी मी पहिल्याच दिशी हितं आणलं."

परीक्षेच्या दिवशी साहेबांनी मैदान सोडून रस्त्यावर गाडी काढायला लावली. साहेब डावीकडं, मी मागं, अंग चोरून. मास्तरांनी गल्ल्या पार केल्या, वळणावर हात दाखवला, हॉर्न दिला, हायवे गाठला. माझा जीव भांड्यात पडायला लागला होता. एवढ्यात पुढं उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट मागं मागं येत कच्च्या रस्त्यात घुसायला बघत होता. मागं सांगायला कुणी नाही. ट्रॉली वाकडी होत चाललेली.

मास्तरांनी गाडी झकास थांबवली. आणि उतरले.

साहेबांना वाटलं, काहीतरी पडलं असेल. मास्तर चालत ट्रॅक्टरमागं गेले, ट्रॉलीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि सुरू झाले, "येऊ दे, येऊ दे, डावं काप, येऊ दे." आमचं इंजिन चालू. गिअर नाही. रस्त्याला उतार. दगड सीटखाली. जीप हळूच पुढं सरकायला लागली.

"अहो," साहेब म्हणाले. मग जरा मोठ्यानं, "अहो."

मी मागून ओरडलो, "साहेब, तुमच्या पायाशी ब्रेक आहे." साहेबांनी तो दाबला. गाडी ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबली. मास्तर ट्रॅक्टर नीट आत घालून, घाम पुसत परत आले. "झालं साहेब, रस्ता मोकळा."

साहेबांचा चेहरा पिठासारखा झाला होता. त्यांनी पुढच्या दोन सीटांच्या मधली एक दांडी वर ओढली. करकर असा आवाज आला. "याला हँडब्रेक म्हणतात. तुम्हाला शिकवलं कुणी?"

"ह्या पावण्यांनी," मास्तर म्हणाले.

"आणि यांना?"

लायसन खिशात घेऊन फिरणारा मी ती दांडी जन्मात पहिल्यांदा वर आलेली बघत होतो.

नापास. आठ दिवसांनी परत या. मास्तर परत गेले आणि या वेळी गाडीतून उतरलेच नाहीत. पास झाले. मी पेढे घेऊन स्कूलवर पोचलो, तर ते पाटी काढून भिंतीला टेकवत होते. नवीन लिहून घेणार असतील, स्वतःच्या नावाची, म्हणून मी पेढा पुढं केला.

"बंद करतोय," ते म्हणाले.

"मास्तर, आता तर लायसन मिळालं."

"म्हणूनच की." पेढा त्यांनी हातातच धरला. "ठावं नव्हतं तवर बसलो डावीकडं. आता कोण शिकाय आलं, तर त्येच्या उजव्या अंगाला काय येतंय ते मला दिसणार. माझं पाय ब्रेकवरनं निघायचं न्हाईत, पावणं."

मी पुष्कळ समजावलं. आता तर तुम्ही खरे मास्तर झालात, म्हणालो. त्यांनी ऐकून घेतलं आणि मेव्हण्याच्या लायसनची आता रिकामी झालेली चौकट फडक्यानं पुसून पिशवीत घातली.

जीप पेठ वडगावच्या एका माणसानं नेली. मास्तर राधानगरीकडं बहिणीच्या गावी निघाले. स्टँडवर सोडायला मी गेलो होतो. बसचा ड्रायव्हर त्यांचाच विद्यार्थी निघाला. त्यानं खाली उडी मारून त्यांच्या पायांना हात लावला आणि पुढच्या काचेजवळची जागा हातानं झाडली. "मास्तर, हितं बसा. घाट दिसंल."

मास्तरांनी त्या मोठ्या काचेतून रस्त्याकडं पाहिलं. मग त्या पोराच्या हातांकडं पाहिलं, जरा जास्तच वेळ.

"तू सावकाश ने," ते म्हणाले, आणि माणसांतून वाट काढत थेट मागच्या बाकावर जाऊन बसले. बस वळली तेव्हा मी हात हलवला. त्यांना तो दिसला नसावा. त्यांनी टॉवेल तोंडावर ओढून घेतला होता आणि दोन्ही हातांनी पुढच्या सीटची दांडी धरली होती.