विहीरवाले, फाटकवाले आणि माझ्या लग्नाची कॅसेट

तरुणपणी मला सिनेमा कळायचा. आता कळत नाही, आता नुसता बघते. पण बाविसाव्या वर्षी वसईतल्या आमच्या गावात सिनेमा कळणारी मी एकटीच होते, आणि हे गावाच्या ध्यानात राहावं म्हणून मी मेहनतही बरीच घेत असे. खांद्याला शबनम पिशवी, डोळ्यांवर चष्मा (नंबर जेमतेम, पण फ्रेम मुद्दाम जाड), आणि चेहऱ्यावर सदा असा भाव, की देवाने जग बरं केलंय, पण एडिटिंग चुकलंय. जेवताना आमटीकडे एकटक बघत राहिले की आई विचारायची, "काय गं, माशी पडलीय का?"

माझे एक लाडके दिग्दर्शक होते. त्यांच्या प्रत्येक सिनेमात एक विहीर असायची, विहिरीवर एक बाई असायची, आणि ती पाणी काढेपर्यंत बघणाऱ्याला म्हातारपण यायचं. गावची पोरं त्यांना 'विहीरवाले' म्हणत. मी त्यांचे किती सिनेमे पाहिले होते? दीड. दुसऱ्याच्या मध्यात वीज गेली. पण त्यांच्यावर छापून आलेले लेख मात्र मी एकूण एक वाचले होते, आणि वाद घालायला सिनेमापेक्षा लेखच जास्त उपयोगी पडतात.

दुसऱ्या पक्षाचं दैवत म्हणजे 'फाटकवाले'. त्यांच्या सिनेमात पहिल्या रिळात बाप हरवायचा, शेवटच्या रिळात सापडायचा, आणि मधल्या वेळात कोणीतरी जीप घालून बंगल्याचं फाटक तोडायचं. या पक्षाचा पुढारी शेजारच्या गावचा, गोखिवऱ्याला एका वर्कशॉपमध्ये फिटर होता. मानेवर रुळणारे केस, आणि कॉलर अशी की वारा आला तर उडून जाईल. रविवारी चर्चमधली मिस्सा संपली की क्रुसाजवळच्या कट्ट्यावर आमची जुंपायची. आम्ही भांडायचो ते आमच्या घरच्या बोलीत. इथे पुस्तकी मराठीत उतरवतेय, म्हणजे भांडण निम्मं सभ्य वाटेल.

गावात आमच्याकडे टीव्ही होता, कारण बाबा आखातात नोकरीला होते. रविवारी दुपारी त्यावर कठीण सिनेमे लागत. एकदा विहीरवाल्यांचा लागला. कट्टा आमच्या ओटीवर लोटला. पडद्यावर घागर विहिरीतून वर यायला लागली. ती अर्ध्यात आली आणि गोखिवऱ्याचा फिटर बसल्या बसल्या झोपला. बऱ्याच वेळाने जागा झाला.

"मी झोपलो तेव्हा घागर अर्ध्यात होती," तो म्हणाला, "अजून अर्ध्यातच आहे. मधे मला एक स्वप्न पडलं, त्यात याहून जास्त घडलं."

"ती घागर नाहीच मुळी," मी म्हणाले. "तो समाज आहे."

"मग दोर कोणाच्या हातात आहे?"

"तेच तर ते तुला विचारतायत!"

"मला कशाला? रविवार आहे अगं आज!"

माझी आजी कोपऱ्यात मोगऱ्याच्या कळ्या ओवत होती. ती पडद्याकडे बघून म्हणाली, "बाईला म्हणावं, दमलीस तर बस जरा. आम्ही कुठं पळून चाललोय?"

मी चिडले. "आणि तुझे फाटकवाले? दर वेळी बाप हरवतोच कसा? बाप म्हणजे काय छत्री आहे?"

"हरवला नाही तर सापडणार कसा?" तो म्हणाला. "शेवटी बाप आला की सगळं थेटर उभं राहतं. तुझ्या विहिरीला कोण कधी उभं राहिलंय?"

"राहतात की," त्याचा मित्र म्हणाला, "घरी जायला."

टीव्हीवर बाबांचा फोटो ठेवलेला असायचा. आमचं हे सगळं शहाणपण तो हसत ऐकत होता.

कट्ट्यावर आम्ही दोघं भांडतो ते दर रविवारी अख्खं गाव बघतं, त्यापेक्षा घरात भांडू देत, असं फिटरच्या आईने आणि माझ्या आईने मिळून ठरवलं. आम्हालाही विचारलं, आणि विचित्र म्हणजे यावर आमचं एकमत झालं. उपवासकाळात आमच्यात लग्नं लागत नाहीत, म्हणून त्याच्या आतली तारीख धरली. चर्चमध्ये तीन रविवार नावं पुकारून झाली, बँड ठरला, गाऊन शिवून झाला, आणि कंपनीने बाबांची रजा रद्द केली.

बाबांना पत्र लिहायचा कंटाळा. कोणी गावी येणारा असला की त्याच्याबरोबर ते आवाज भरलेली कॅसेट पाठवत. आम्ही टेपरेकॉर्डरभोवती बसायचो, आणि त्यांचा आवाज आला की आजी पदर नीट करायची, जणू ते दारातूनच आत येतायत. या वेळी ते म्हणाले, "थांबू नका. ठरलंय तसं उरका. सोबत एक कोरी व्हिडिओ कॅसेट पाठवलीय. सगळं लग्न त्याच्यात घ्या. रूममधल्या मित्राकडे मशीन आहे, मी इथं बसून बघेन. काही सोडू नका. एकुलती एक पोर आहे माझी." पुढे नुसती खरखर होती, तीही आम्ही शेवटपर्यंत ऐकली.

आता कॅसेट एक आणि दिग्दर्शक दोन. साखरपुड्यापेक्षा त्या वाटाघाटी जास्त चालल्या. शेवटी ठरलं, घरापासून चर्चच्या पायरीपर्यंत माझं दिग्दर्शन आणि पायरीपासून पुढे त्याचं. त्याने गॉगल आणून ठेवला होता. त्यावर तीनदा झूम होणार होता.

व्हिडिओवाला स्टेशनजवळच्या स्टुडिओतला. बिचाऱ्याने आजवर नुसती लग्नं काढली होती. दिग्दर्शक त्याला पहिल्यांदाच भेटली. मी त्याला सकाळी आधी वाडीत नेलं. केळीच्या बागेच्या कडेला आमचं बावखल आहे, गोड्या पाण्याचं लहानसं तळं.

"ताई, कॅमेरा फिरवू?"

"नाही."

"झूम करू?"

"मुळीच नाही."

"मग करू काय?"

"काही करू नका. पाण्याला वेळ द्या."

त्याने दिला. एक बेडूक येऊन काठावर बसला, आणि कंटाळून गेला. "ताई," व्हिडिओवाला हळूच म्हणाला, "पाणी काही करत नाहीये."

"तेच घ्या!" मी म्हणाले. नवरीच्या केसांत तेव्हा अर्ध्याच पिना लागल्या होत्या, मावश्या घरातून हाका मारत होत्या, आणि मी चिखलात उभी राहून शांतता दिग्दर्शित करत होते.

मग घरची माणसं. आजीला फोटोचा कॅमेरा ठाऊक, हा नाही. ती तुळशीच्या वाफ्याजवळ हात खाली सोडून, श्वास रोखून उभी राहिली. मी म्हणाले, "आजी, हल ना जरा."

"हलले तर पुसट येईल," ती ओठ न हलवता म्हणाली.

आणि मी? मी तिला समजावून सांगितलं असेल? छे! मला भरून आलं. काय ही स्थिरता, हे तर थेट विहीरवाल्यांचं! मी व्हिडिओवाल्याला खुणेने चालू ठेवायला सांगितलं. आजी उभी. मागे केळीचं पान हललं, आजी नाही. शेवटी तिने फाटकन एक डास मारला आणि पुन्हा पहिल्यासारखी उभी राहिली. तिचं बघून मामा, मावश्या, काकी सगळे एकेक करून तसेच उभे राहिले. मी एकालाही कापलं नाही.

वरात चर्चपाशी पोचली. पायऱ्यांवर नवरदेवाने गॉगल चढवला, हनुवटी वर केली. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि कॅमेऱ्यातून 'टक्' असा आवाज आला. व्हिडिओवाला माझ्या कानाशी आला. "ताई, संपली."

"काय संपलं?"

"कॅसेट."

त्याच्याकडे दुसरी होती, पण ती बोळिंजच्या एका मुंजीची. तिच्यावर अर्धी मुंज आधीच होती आणि उरलेली त्याच दुपारी व्हायची होती.

आल्तारासमोर फादरांनी आम्हाला विचारायचं ते विचारलं. नवरदेव खणखणीत 'हो' म्हणाला. मग माझ्याकडे झुकून माझ्या वैवाहिक जीवनातलं पहिलं वाक्य बोलला. "मुद्दाम केलंस."

कॅसेट तशीच आखातात गेली. मी घरच्यांना सांगितलं, काळजी करू नका, सूचक आहे, बाबांना कळेल.

ईस्टरनंतर बाबांच्या आवाजाची कॅसेट आली. सासरमाहेर दोन्ही घरं आमच्या ओटीवर जमली. बाबा बोलायला लागले. "कॅसेट मिळाली. रूममधल्या सगळ्यांना बसवलं, बिर्याणी केली. बावखल बघितलं. पाणी चांगलं आहे या वर्षी. मग आई आली. मला वाटलं मशीन अडकलं. दोन थापा मारल्या. मित्र म्हणाला, मारू नको, नवीन आहे. तेवढ्यात आईने डास मारला, तेव्हा कळलं की चालू आहे. मग मेव्हणे आले. ते पण उभे. एकाने विचारलं, लग्न कधी आहे? म्हटलं, येतंय, थांब. मग चर्च आलं. पोरीचा एक पाय दिसला. आणि पडद्यावर मुंग्या आल्या." टेप फिरत राहिली. मग त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं, "लग्न झालं ना?"

नवरा त्या दिवशी मला एक शब्दही टोचून बोलला नाही. त्याच्या त्या सभ्यपणाचा मला इतका राग आला की काय सांगू.

बाबांना रजा मिळाली ती पावसाळा सरल्यावर. टॅक्सीतून उतरले, बॅग खाली ठेवायच्या आधी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मला तेव्हा सातवा लागला होता. ते म्हणाले, "बरं. मांडव कुठं घालायचा?"

"कसला मांडव, बाबा?"

"मला माझ्या पोरीचं लग्न बघायचंय. कॅसेट मी दुसरी आणलीय. दोन आणल्यात."

फादरांनी साफ सांगितलं, "हा संस्कार दुसऱ्यांदा होत नसतो. पण चर्चच्या पायऱ्या सगळ्यांच्या आहेत. तिथं कोण काय घालून उभं राहतं ते मी बघायला येणार नाही." आले नाहीत. खिडकीतून सगळं बघत होते. मधेच वरून ओरडले, "बँड कुठाय? त्या दिवशी बँड होता!"

मावशीने गाऊन दोन्ही बाजूंनी उसवून त्यात जुन्या पडद्याची लेस भरली. पोटापुढे धरायला फुलांचा गुच्छ केला, तो एवढा मोठा की त्याच्यामागून मला पायऱ्या दिसेनात. आणि अशा अवस्थेतही मी म्हणत होते, "बाबा, ऑक्टोबरातलं ऊन फार सुंदर असतं, बावखलावर जरा..." तिकडून नवरा म्हणत होता, "केळीच्या खांबांचं फाटक उभारू, मी मोटरसायकल घालतो, फक्त एकदा..."

"तुम्ही दोघं गप्प बसा," बाबा म्हणाले. "तुमचे दिग्दर्शक असतील मोठे, त्यांच्या घरी." मग व्हिडिओवाल्याकडे वळले. "हिचा हात माझ्या हातात आहे, तेवढं दिसलं पाहिजे. बाकी तुला समजेल तसं घे."

बँड लागला. बाबांनी माझा हात धरला आणि आम्ही हळूहळू पायऱ्यांपर्यंत आलो. समोर नवरा हात पुढे करून तयार. आता बाबांनी माझा हात त्याच्या हातात द्यायचा, एवढंच होतं. बाबा थांबले. कॅमेऱ्याकडे तोंड केलं. आणि हलेनात.

"काका, द्या आता हात," व्हिडिओवाला म्हणाला.

"हललो तर पुसट येईल," बाबा ओठ न हलवता म्हणाले.

आखातात इतकी वर्षं मशिनं चालवणारा माणूस तो, त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. माझा हात त्यांनी घट्ट धरला होता. बँडवाल्यांचं गाणं संपलं, त्यांनी दुसरं लावलं, तेही संपलं. पोटातल्या पोराने लाथा मारून पाहिल्या. फाटकवाल्यांचा कट्टर भक्त हात पुढे करून, आयुष्यातला सगळ्यात लांब शॉट उभ्याने देत होता आणि तोंडातून अक्षर काढत नव्हता. कापा म्हणायचं धाडस तिथे कोणालाच झालं नाही.

संध्याकाळी मात्र त्याला वाचा फुटली. "बघ, हरवलेला बाप शेवटच्या रिळात आला, आणि सगळं गाव उभं होतं. हे आमचं!"

"आला खरा, पण आल्यावर काय घडलं?" मी म्हणाले. "काहीच नाही. हे आमचं!"

वाद अजून मिटलेला नाही. आमचा मुलगा, जो आईबापाच्या लग्नाला जातीने हजर होता, तो म्हणतो की आतून काही दिसलं नाही, त्यामुळे त्याचं मत धरू नये.

बाबा दुसरी कॅसेट घेऊन परत गेले. नाताळनंतर त्यांचा आवाज आला, तेव्हा पोरगा माझ्या मांडीवर होता. "सगळ्यांनी बघितलं. या वेळी बिर्याणी आधीच खाऊन घेतली, उगाच भरवसा कशाला. एकाने विचारलं, नवरी अशी कशी? म्हटलं, अरे, हा दुसरा भाग आहे." मग जरा खाकरले. "पहिली कॅसेट पण ठेवलीय. झोप येत नसली की लावतो."

नवऱ्याने मांडीवर थाप मारली. "ऐकलंस? झोपेचं औषध! सासऱ्यांनीच सांगितलं!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आजीने हात वर केला. "ते परत लाव," ती म्हणाली. मी टेप मागे घेऊन लावली. झोप येत नसली की लावतो. आजीने पदर सारखा केला, मोगऱ्याची टोपली जवळ ओढली.

"त्याला कॅसेट पाठवाल तेव्हा विचारा," ती म्हणाली, "मी डास मारते, तिथपर्यंत जागा असतो का."