नुसती सर्दी

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा, मला पहिल्यापासून आवडत नाहीत. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझी समजूत काढायला नको.

भाऊजी गाडी चालवायला शिकवतात. त्यांच्या गाडीत ब्रेक दोन, एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा त्यांच्या. घरात मात्र एकच, तोही त्यांच्याच पायाशी. ताईने तोंड उघडलं की ब्रेक लागलाच! त्यातून मध्यंतरी त्यांना कोरोना झाला आणि आठवडाभरात खडखडीत बरे झाले, तेव्हापासून डॉक्टरकीही अंगात आली. कोरोना थोरला, फ्लू धाकटा आणि बाकी सगळी नुसती सर्दी, असा त्यांचा हिशेब.

आई त्यांच्याकडेच राहायची. तिला जुना दमा. गेल्या थंडीत भाऊजी नाक ओढत घरी आले. ताई म्हणाली, "बरं वाटेपर्यंत आईच्या खोलीत जाऊ नका हो."

"टेस्ट केलीय मी. कोरोना नाही. नुसत्या सर्दीसाठी मला वाळीत टाकतेस काय?"

आणि आईच्या पलंगावर बसून त्यांनी शिंकत शिंकत बातम्या पाहिल्या. मुद्दाम. आई बिचारी म्हणाली, "असू दे गं, जावईबापूंना कुठे उठवतेस?"

थोड्याच दिवसांत आईला धाप लागली. हॉस्पिटलात तपासणीत निघाला आरएसव्ही, म्हणजे सर्दीचाच एक विषाणू. भाऊजींनी सुटकेचा निःश्वास सोडला. "कोरोना नाही ना? मग झालं तर!"

डॉक्टरीणबाई उखडल्या. "इथे दाखल झालेल्यांत कुणाचं दुखणं हलकं, कुणाचं भारी, हे विषाणूच्या नावावरून ठरत नाही. शेजारच्या आजोबांना कोरोना आहे, ते उद्या घरी जातील. तुमच्या सासूबाईंचा ऑक्सिजन मी सकाळपासून वाढवतेच आहे."

आजोबा खरंच घरी गेले, नर्सची थट्टा करत, आपल्या पायांनी. आईला व्हेंटिलेटरवर घेतलं. त्यातून ती परत आली नाही.

लोक भेटायला येऊ लागले. भाऊजी मधल्या खुर्चीत बसून प्रत्येकाला सांगायचे, "काय करणार, कोरोनापुढे कुणाचं चालतं?" पाण्याचे पेले फिरवताना माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सर्दी म्हटलं असतं, तर कुणाची म्हणून कुणीतरी विचारलं असतं ना! मी पेले खाली ठेवले. पण माझ्याआधी ताईच बोलली.

"कोरोना नव्हता. सर्दी होती. यांची."

"अगं, लोकांसमोर काय..." भाऊजींनी डोळे वटारले.

"मी नको म्हणत होते, तरी हे जाऊन तिच्या पलंगावर बसले."

शेजारच्या बाईंनी आपली खुर्ची जराशी मागे सरकवली. भाऊजींचा उजवा पाय फरशीवर घट्ट दाबलेला मला दिसला. ताई थांबली नाही. पहिल्या शिंकेपासून तिने सगळं सांगितलं.